किलरॉसच्या चेंडूंची राखण

मी एक जुने कुलूप आहे, मित्रांनो, आणि जन्मभर कोणाला कोणापासून राखले, ते मला अजून नीट कळलेले नाही.

इंग्लंडातल्या एका कारखान्यात मी घडले. तिथे सांगितले होते, तुझा शत्रू चोर. मग मला पेटीत घालून स्कॉटलंडला, किलरॉस या खाणकामगारांच्या गावी धाडले. तिथल्या फुटबॉल क्लबात, कपडे बदलायच्या खोलीबाहेर एक कपाट होते. त्यात राखायचे काय? सहा चामडी चेंडू. आणि चोर कोण? तर खेळाडूच! सोमवार ते शुक्रवार त्यांनी मैदानाभोवती नुसते धावायचे, दोरीवरच्या उड्या मारायच्या. चेंडू मिळायचा शनिवारी, थेट सामन्यात.

"पाच दिवस उपाशी ठेवा," त्यांचा प्रशिक्षक मर्डो खोकत खोकत म्हणायचा, "मग बघा शनिवारी चेंडूवर कसे तुटून पडतात!"

सगळ्याच क्लबांत हीच रीत होती. कोणी हसत नसे. आपल्यालाच समजत नसेल, असे म्हणून मी गप्प लटकत राहिले.

पहिले महायुद्ध संपले आणि खाण सोडून डंकन गॅलेटली क्लबात आला. त्याच्या पायाशी चेंडू गेला की सारे मैदान चिडीचूप व्हायचे. मी भिंतीआड; मला ती शांतताच ऐकू यायची. एका मंगळवारी तो जर्सी धुणाऱ्या इस्बलकडे गेला.

"केसातली एक पिन दे ना गं."

"तुझ्या डोक्यातलं संपलं वाटतं, म्हणून माझ्या डोक्यातलं मागतोस?"

पण तिने दिली. त्याने ती माझ्या पोटात फिरवली आणि मी खट्कन उघडले. नेमका मर्डो आला. त्या शनिवारी डंकनला संघातून वगळले. तो मला गदागदा हलवून म्हणाला, "इंग्रजा! मी मॅनेजर झालो ना, की पहिल्याच दिवशी तुला फोर्थ नदीत बुडवतो."

मित्रांनो, खरे सांगू? मला ते ऐकून सुटल्यासारखे वाटले.

पुढे त्याचा गुडघा कामातून गेला आणि १९३० मध्ये तो खरोखरच मॅनेजर होऊन आला. डोक्यावर कडक गोल हॅट, जाकिटावर घड्याळाची साखळी. मी नदीची तयारी केली. त्याने मला निरखले, कितीतरी वर्षांनी तेलाचा थेंब घातला, किल्ली फिरवली आणि "झकास चालतंय" म्हणत ती साखळीत अडकवली. मग खेळाडूंना म्हणाला, "पाच दिवस उपाशी राहा." मधला खोकलासुद्धा मर्डोचा! मी पार चक्रावले.

"नदी आटली का रे, डंकन?" इस्बलने विचारले.

"साहेब म्हण."

"नदी आटली का हो, साहेब?"

"तुला कळायचं नाही. चेंडू दिला आणि हरलो, तर कमिटीवाले विचारतील, सगळे करतात ते तू का नाही केलंस? काय सांगू मी त्यांना?"

१९३४ च्या एप्रिलपर्यंत क्लब स्पर्धेच्या गुणतक्त्यात तळाला गेला होता. शेवटचा सामना हरला तर खालच्या विभागात जायचे आणि डंकनने घरी. त्या बुधवारी माझ्या पोटात ओळखीची गुदगुली झाली. पिन! टुलॉक, आमचा डाव्या बाजूचा खेळाडू, वाकून ती फिरवत होता. तेवढ्यात डंकन आला. किल्ली त्याच्या पोटावर लोंबत होती.

"पाच दिवस..." त्याने सुरुवात केली आणि तो थांबला. मग म्हणाला, "तशी नको. डावीकडे दाब. खालचा दात अडतो तिथं."

"साहेब, किल्ली आहे ना तुमच्याकडे?"

"गप. दाब."

मी उघडले. तीन दिवस चेंडूंचा धपधप आवाज येत राहिला, आणि त्यात लंगडत धावणारी एक जोडी पावलेही होती.

शनिवारी प्रचंड कल्लोळ उठला. आनंदाचा की दुःखाचा, मला भिंतीआडून उमगेना. मग बूट फार सावकाश आत आले. दोन विरुद्ध एक गोलने हरलो होतो.

सोमवारी डंकन निघाला. "चेंडू दिला म्हणून हरलो, असं म्हणतायत," तो इस्बलला म्हणाला.

"तीन दिवस जेवून तीस वर्षांची उपासमार भरते होय? आधीच का नाही उघडलंस, गाढवा?"

"भ्यायलो होतो," तो म्हणाला.

इस्बलने त्याला चहा दिला. जाताना त्याने किल्ली साखळीतून काढली आणि नदीत भिरकावली. बुडायचे होते मी, बुडाली ती. हे गणितही मला सुटलेले नाही.

आता मी उघड्या तोंडाने इस्बलच्या धुण्याच्या खोलीत पडून असते. वारा असला की दार अडवायला माझा उपयोग होतो. अंगावर गंज चढला आहे. मित्रांनो, तुमच्या घरच्या कुलपाला अधूनमधून तेल द्या. पण ते लावण्याआधी विचारा, आत काय आहे आणि बाहेर कोण उभे आहे. आणि किल्ली तुमच्याच खिशात असेल, तर डंकनएवढा उशीर करू नका.

कपाटाला नवे कुलूप कोणी आणले नाही. विसरले की मुद्दाम, ठाऊक नाही. पण हल्ली मंगळवारीही मैदानावरून धपधप ऐकू येते.