ब्रिजखालचा कागद

लेकीने बनवलेल्या नव्या गिटारची वरची फळी इतकी पातळ होती, की ती बघूनच म्हाताऱ्या कारागिराला घाम फुटला. आतल्या लाकडी आधारपट्ट्या काढून तिने कार्बनच्या बसवल्या होत्या. ताणाने आणि उष्णतेने गोंद सुटतो का ते बघायला, जाड तारा ताणून गिटार आठवडाभर शेगडीशेजारी उभी होती. तारा जिथे अडकवतात त्या ब्रिजखाली कागद शिरला, तर जोड सुटला असं समजायचं आणि ते मॉडेल मोडीत काढायचं. ही रीत तिच्या आईने घालून दिलेली.

"बाबा, हात थरथरतोय तुमचा. मुद्दाम घुसवाल हं!"

"गप्प बस. तुझ्या आईने माझीही गय केली नव्हती."

त्याने चारही बाजूंनी कागद लावून पाहिला. कुठेच शिरला नाही.

"आठवड्याने काय कळतंय?" तो म्हणाला. "ती भिंतीवरची जुनी गिटार बघ. किती वर्षं टिकलीय!"

"मग तिलाही लावा कागद."

ती त्याने बायकोसाठी बनवली होती. वाजवत नसाल तर तारा सैल करा, असं तो गिऱ्हाइकांना बजावायचा. पण बायकोने जाण्यापूर्वी लावलेला सूर मोडायला त्याचा हात धजला नव्हता.

त्याने तिच्या ब्रिजखाली कागद सरकवला. निम्मा आत गेला.

त्याने एकेक खुंटी पिळून तारा सैल केल्या.

"तुझी पाठव बाजारात. टिकते का, ते पुढच्या वर्षी पुन्हा कागद लावून बघू. आणि हिचा ब्रिज तूच चिकटव. माझा हात खरंच थरथरतो."