मुठीतली शुभ्रता

भट्टीतून काढलेली पांढरी चकती वसुधा मॅडम नखाने हलकेच वाजवत आणि मान कलती करून ऐकत. चकती निर्दोष असली तर नाद स्वच्छ, पातळ, थंडीतल्या कोवळ्या उन्हासारखा पसरे; आत भेग असली तर तो उमटताच विझे. दिंडोरी रस्त्यावरच्या महाविद्यालयातल्या प्रयोगशाळेत, खिडकीबाहेर द्राक्षबागांची छाटणी चाललेली असताना, मी त्यांच्या हाताखाली हे ऐकायला शिकले.

कॅल्शियम फॉस्फेटची ती चकती म्हणजे मोडलेल्या हाडातली पोकळी भरण्यासाठी माणसाने घडवलेलं हाड. भट्टी जास्त तापली की तिची अंतर्रचना पालटते, अंग फुगतं, भेगा पडतात. भुकटीत किंचित मॅग्नेशियम मिसळलं तर हा पालट लांबतो आणि चकती अभंग राहते. पण मग ती शरीरात फार सावकाश विरघळते, नव्या हाडाला वेळेवर वाट मिळत नाही.

"टिकवायचं की विरघळू द्यायचं, गौरी?" मॅडम विचारत आणि हसत. संभ्रम त्यांच्या चेहऱ्यावर धुक्यासारखा शोभे; तो निवळावा असं मला कधी वाटलं नाही.

माघाच्या थंडीत त्यांचे वडील, अण्णा, गेले. अस्थी वेचायला मॅडम, त्यांची आई आणि धाकटा भाऊ निघाले, तेव्हा मीही सोबत होते. दूध शिंपडलेल्या राखेत काही अस्थी काळसर होत्या, काही निळसर राखाडी, काही शंखासारख्या शुभ्र. अग्नी कुठे मंद होता, कुठे प्रखर, हे त्या रंगांतून आम्हा दोघींना वाचता येत होतं आणि वाचायचं नव्हतं. मॅडमनी एक शुभ्र तुकडा उचलला. सवयीने नख पुढे सरकलं आणि मध्येच थबकलं.

"यात मॅग्नेशियम मुळातच असतं गं," त्या पुटपुटल्या. "मग आपण वेगळं काय घालतो?"

रामकुंडावर भावाने कलश रिता केला. मॅडमची मूठ मात्र त्या शुभ्र तुकड्याभोवती मिटलेलीच.

"ताई, सोड ना."

"थांब. मला कळत नाहीये... हे अण्णा आहेत, की नुसतं..."

आईने त्यांच्या मनगटावर हात ठेवला. "आणखी काय कळायचंय तुला? जाऊ दे त्यांना."

मॅडम वाकल्या, हात पाण्यात बुडवला आणि बोटं उघडली. इथे अस्थी विरून जातात, अशी पिढ्यानपिढ्यांची श्रद्धा. पाण्याकडे एकटक पाहत त्यांनी मला विचारलं, "किती वेळ लागेल?"

चकती विरघळायला किती वेळ लागतो, तेच मोजणं हे माझं रोजचं काम होतं.

आठवडाभराने त्या प्रयोगशाळेत आल्या, चकत्या भट्टीत रचल्या, पण बटणापाशी हात थांबला. "तू लाव," म्हणाल्या. मॅग्नेशियम मिसळलेल्या चकत्या यावेळी एकही भेग न पडता निघाल्या. ज्यासाठी इतकी वर्षं झटलो, ते समोर होतं. त्यातली एक त्यांनी तळहातावर बराच वेळ धरली.

"छान झालीय," त्या म्हणाल्या. "पण छान म्हणजे काय, ते आता मला सांगता येत नाही."

उन्हाळ्यापूर्वी त्यांनी नोकरी सोडली. आता त्या आईजवळ चांदवडला राहतात. कधीमधी फोन येतो. कांदे भरून चाललेल्या ट्रॅक्टरांबद्दल, आईच्या गुडघ्यांबद्दल बोलतात. कामाचं त्या विचारत नाहीत, मी सांगत नाही. फोन ठेवल्यावर मला उमगत नाही, की आठवण येते ती त्यांची, की त्यांच्याशेजारी बसून काहीच न उमगण्याच्या त्या प्रकाशमान दिवसांची. आणि काळ मात्र, माझ्या उत्तराची वाट न पाहता, दोन्ही आठवणींना हळूहळू एकच करून टाकतो आहे.