जास्तीचा पिवळा

मी बोलतोय, एका छापखान्याच्या कॉम्प्युटरमधली रंगांची फाईल. कलर प्रोफाइल म्हणतात मला. मी कुणाला दिसत नाही, पण कागदावर उतरणारा प्रत्येक रंग माझ्या हाताखालून जातो. म्हणूनच आज मला अंग काढून घेता येत नाही.

इथल्या जुन्या मशीनसाठी मला घडवलं. ते मशीन पिवळ्याच्या बाबतीत महाकंजूष. केळी छापावीत तर दुधी भोपळे दिसायचे. मग एका तंत्रज्ञाने रंगांचे ठोकळे छापून, मोजून मला तयार केलं आणि बजावलं, "पिवळा जरा सढळ हाताने टाकत जा." मी टाकला. केळी पुन्हा केळी झाली. मालकांनी, म्हणजे काकांनी, माझं केवढं कौतुक केलं!

पुढे जुनं मशीन भंगारात गेलं. नवं आलं ते शिस्तीचं, सगळे रंग नेमके छापणारं. त्याचं स्वतःचं प्रोफाइलही आलं. माझं काम संपलं होतं. पण 'जुनं ते सोनं' म्हणणाऱ्यांच्या राज्यात कुणी वेळेवर निवृत्त होतं का? पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये काकांनी मलाच बसवून ठेवलं.

चित्रांचं काम त्यांची पुतणी बघायची. डिझाइन शिकलेली, जिभेला धार असलेली.

"काका, मशीन बदललं, आता प्रोफाइल बदला."

"तुझ्या जन्माआधीपासून छापतोय मी."

"तेच म्हणते. माझ्या जन्मानंतरही जगात बरंच काही झालंय."

काका हसायचे. हसलं की विषय संपतो, असं मोठ्यांना का वाटतं कोण जाणे!

मग एका प्रसूतिगृहाचं काम आलं. बाळाची कावीळ ओळखण्याचं कार्ड. पहिला फोटो निरोगी बाळाचा, पुढचे क्रमाने पिवळ्या होत गेलेल्या बाळांचे. आईने घरी बाळाला उजेडात धरून ताडून पाहायचं.

पुतणीने फोटो नव्या प्रोफाइलने नीट करून दिले. काकांनी ते पानात घेताच सॉफ्टवेअरने विचारलं: चित्राचं प्रोफाइल वेगळं आहे. तसंच ठेवू, की इथल्याप्रमाणे बदलू?

"सारखं काय विचारतं, सासूसारखं!" म्हणत काकांनी 'बदला' दाबलं. वर 'पुन्हा विचारू नका' यावरही खूण केली.

मी पिवळा ओतला. मला दुसरं येतं तरी काय?

"एक कार्ड छापून मला दाखवा," पुतणी म्हणाली.

"पडद्यावर झकास दिसतंय की."

दिसणारच. पडद्यावर मी जुन्या मशीनवर उतरला असता तो रंग दाखवत होतो. छापलं नव्या मशीनने. निरोगी बाळही पिवळट उतरलं.

गठ्ठे रवाना झाले. एक कार्ड काकांनी कौतुकाने घरी नेलं, कारण त्यांची लेक नुकतीच बाळंत झाली होती. पुढचं मला त्यांच्या बोलण्यातून कळलं. लेकीला बाळ पिवळं वाटत होतं. काकांनी कार्ड शेजारी धरलं. "बघ, पहिल्या फोटोसारखीच आहे. रंग आजीचा घेतलाय पोरीने."

पुतणी बाळाला बघायला गेली. तिने एकदा बाळाकडे बघितलं, एकदा कार्डाकडे, आणि ओरडली, "ताई, चप्पल घाल!"

बाळ आता दवाखान्यात निळ्या दिव्याखाली आहे. डॉक्टर म्हणाले, धोका टळला, पण आणखी उशीर नको होता.

काका छापखान्यात येऊन खुर्चीत कोसळले. "मीच माझ्या नातीला..."

"रडायचं नंतर, काका. आधी फोन लावा. बाकीच्यांच्याही नाती आहेत."

प्रसूतिगृहातले गठ्ठे परत आले. ज्या आया कार्ड घेऊन घरी गेल्या होत्या, त्यांना फोन झाले. एका घरचा मात्र लागत नाही. पत्ता मिळालाय. पुतणीने स्कूटर काढलीय आणि काका मुकाट्याने मागे बसलेत. जाण्याआधी त्यांनी ती 'पुन्हा विचारू नका'ची खूण स्वतः काढली.

ते परतले की त्यांनी मला खुशाल पुसून टाकावं. मी हट्टाने राहिलो नव्हतो, पण गेलोही नव्हतो. तुमच्या पडद्यावर कधी तशी प्रश्नाची चौकट आली, तर कृपा करून वाचा. मला प्रश्न विचारता येत नाहीत. ती विचारत होती.

रिकाम्या छापखान्यात फोन वाजतोय. तो मलाही उचलता येत नाही.