ओसेलॉटचा रिव्हर्स

दुपारी त्र्यंबकराव जेवून आडवे झाले की सुलभाकाकू गराजमध्ये जायच्या. आच्छादन अर्धं सारायच्या आणि केशरी ओसेलॉट गाडीच्या स्टिअरिंगपुढे बसायच्या. किल्ली नाही, आवाज नाही. डावा पाय क्लचवर, हात गिअरच्या मुठीवर. पहिला. दुसरा. समोरच्या भिंतीवर टांगलेली बर्फ उपसायची फावडी हळूहळू विरघळायची आणि तिथूनच रस्ता सुटायचा. अमेरिकेतल्या ॲन आर्बरहून निघून काकू कधी कृष्णेच्या घाटावर पोचायच्या, कधी मिरजेच्या फाटकापाशी मालगाडी जायची वाट बघत थांबायच्या. तिसऱ्या गिअरला उसाचा वास यायचा. खोटं वाटत असेल तर वाटू दे.

त्यांना गाडी चालवता येत नव्हती असं नाही. ऑटोमॅटिक व्हॅन आयुष्यभर हाकली होती. पोरं, किराणा, मंडळाच्या गणपतीची पातेली, सगळं त्याच व्हॅनमधून. पण ओसेलॉट गिअरची. आणि ओसेलॉट ‘ह्यांची’. मरण्याआधी एकदा तरी ती रस्त्यावर चालवायची, एवढंच काकूंच्या मनात होतं.

सत्तरच्या दशकात तेल महागलं तेव्हा अमेरिकन कंपन्यांनी दांडगी इंजिनं काढून घेतली, शिलाई मशीन शोभेल असलं काहीतरी बसवलं, वर पट्टे ओढले, शेपटीला पंख लावला आणि म्हटलं, घ्या स्पोर्ट्स कार! ओसेलॉट त्यातलीच, तिकडच्या एका ठिपकेदार रानमांजराचं नाव दिलेली. जाणकार हसले. मांजरानं घेतलेलं वाघाचं सोंग, म्हणाले. तरी खपली रग्गड. नव्यानं नोकरीला लागलेल्यालाही परवडायची, आणि सिग्नलला उभी राहिली की काय दिसायची! त्र्यंबकरावांनी घेतली आणि गावातल्या मराठी बायकांना तिच्यावर गिअर शिकवले. नीला शिकली, मृणालिनी शिकली. सुलभानं विचारलं तेव्हा म्हणाले, "अगं, घोडी आहे ही, घोडी. तुझ्या हाती क्लच जळेल." नीलाच्या हाती नव्हता जळत. दुसऱ्याच्या बायकोला शिकवताना नवरा देवमाणूस असतो. त्यासाठी अमेरिकेत यावं लागत नाही.

दोन हजार आठच्या उन्हाळ्यात पेट्रोल गॅलनला चार डॉलरवर गेलं आणि छोटी जुनी गाडी शोधत प्रथमेश आला. नागपूरचा, इथं पीएचडी करणारा.

"काका, नेटवर लोक हिला जाम शिव्या घालतात यार." मग जीभ चावून म्हणाला, "सॉरी, काका."

"घालणारच! भंगार आहे रे." त्र्यंबकरावांनी बॉनेटवर टिचकी मारली. "नुसते पट्टे. चढावर सायकलवाला पुढे जातो. घेऊन जा आजच, आपट, धोपट. हिचं बिघडायचं काय राहिलंय? माझं गराज मोकळं झालं की बास."

त्यांनी किल्ली प्रथमेशच्या हातात ठेवली. काकू चहा घेऊन दारात उभ्या होत्या.

"अहो, भंगार आहे?"

"तुला काय करायचंय?"

"मला नाही म्हणायचं तेव्हा घोडी, ह्याला द्यायची तेव्हा भंगार. काय ते एक ठरवा."

"सुलभा, पोरासमोर तरी..."

"पोरासमोरच. दे रे ती किल्ली."

प्रथमेशनं काकांकडे बघितलं, काकूंकडे बघितलं आणि किल्ली काकूंना दिली. हा आवाज त्याच्या आईचाही होता.

काकू बसल्या, किल्ली फिरवली. ओसेलॉट खोकली, थरथरली, सुरू झाली. आणि काकूंचा हात हवेतच थांबला. समोर भिंत होती. आजवर कितीतरी दुपारी काकू भिंतीतून आरपार गेल्या होत्या, मागे जायची वेळ कधी आलीच नव्हती. रिव्हर्स कुठे असतो?

"बघ! म्हणत नव्हतो?" त्र्यंबकराव खुलले.

"काकू, मूठ खाली दाबा," प्रथमेश खिडकीशी वाकला. "डावीकडे घ्या, आता पुढे. हां. क्लच हळू सोडा."

गाडी बंद पडली. पुन्हा पडली. तिसऱ्यांदा फावडी टांगलेली ती भिंत काकूंपासून लांब जाऊ लागली, जशी गाडी सुटल्यावर फलाटावरची माणसं जातात. त्या भिंतीपाशी हात वर करून नवरा उभा होता, लहान लहान होत गेला.

नदीकाठच्या रस्त्याला लागल्यावर काकूंनी दुसरा टाकला, मग तिसरा. मेपलच्या सावल्या काचेवरून पाण्यासारख्या वाहत होत्या. उसाचा वास आला नाही. तापलेल्या रबराचा आला, जुन्या पेट्रोलचा आला. चढ लागला तशी ओसेलॉट दमली आणि खरोखरच एक सायकलवाला पुढे गेला. जाताना मागे वळून ओरडला, "काय देखणी गाडी आहे!"

दोन्ही खरं होतं तर. काकूंना हसू फुटलं.

चढ संपता संपता काहीतरी करपल्याचा वास आला. क्लच असणार.

"जळो," काकू म्हणाल्या आणि चौथा टाकला.