रसीलाबेननी खोडायला लावलेला शब्द

"माल उतरवा खुशाल, पण हा शब्द आधी खोडा," रसीलाबेन म्हणाल्या. टेम्पो त्यांच्या दारात उभा होता आणि मी, पुखराज शेठचा मुनीम, हातात चिठ्ठी घेऊन उन्हात.

शब्द होता 'खराब'. 'जरीकाम खराब निघाल्यामुळे साड्या परत' असं शेठच्या सांगण्यावरून मीच लिहिलं होतं. कामात काडीचा दोष नव्हता. भानगड नव्या नियमाची होती. छोट्या कारखानदाराचे पैसे पंचेचाळीस दिवसांत दिले नाहीत, तर ती खरेदी व्यापाऱ्याला त्या वर्षी खर्चात धरता येणार नव्हती. उलट त्या रकमेवर कर बसणार होता. नियम केला छोट्यांच्या भल्यासाठी. पण आमच्या सुरतच्या बाजारात चार-चार महिन्यांची उधारी म्हणजे जणू कुळाचार! मार्च संपायच्या आत बाजाराने तोड काढली: माल परत पाठवायचा. खरेदीच नाही, तर थकबाकी कसली?

"बेन, नुसता कागद आहे हो," मी म्हटलं. "एप्रिलमध्ये हाच माल परत नेतो. शेठ बोललेत तसं."

"मग शेठना सांगा, खरं लिहा. 'पैसे वेळेवर देता येत नाहीत म्हणून माल परत.' लगेच सही करते."

आत खाटलीवर, म्हणजे जरीकामाच्या लाकडी चौकटीवर, ताणलेल्या साडीवर वाकून टाके घालणाऱ्या बायका फिसकन हसल्या.

"असं कसं लिहिणार, बेन?"

"लाज वाटते ना? मग माझ्या बायांचं नाव कशाला घालवता? या मंजूला बघा, तुमच्या बुट्ट्या भरून भरून चष्मा लागला. उद्या मी दुसऱ्या दुकानात काम मागायला गेले, तर काय म्हणतील? पुखराजजींकडून जिचं काम खराब म्हणून परत आलं, ती हीच."

खोटं नव्हतं ते. बाजारात असली बातमी टेम्पोच्या आधी पोचते. नवरा गेल्यावर या बाईने एका खाटलीवर काम सुरू केलं, वाढवलं, ते हाताच्या सफाईवर. दुसरं भांडवल तिच्यापाशी नव्हतंच.

मी शेठना फोन लावला. शेठ भडकले. "एवढी अकड असेल, तर एप्रिलपासून काम बंद. विचार तिला!"

मी विचारलं.

"असू दे बंद," त्या म्हणाल्या आणि चहाचा कप माझ्या हातात दिला.

मार्च संपत आला होता आणि शेठना सही हवीच होती, म्हणून शेवटी 'खराब' खोडून 'दोघांच्या राजीखुशीने परत' असं लिहिलं. शेठनी काम खरंच बंद केलं. तेवढा शब्द त्यांनी बरोबर पाळला. रसीलाबेननी त्याच साड्या सोसायट्यांतून दारोदार फिरून विकल्या. हातातल्या सोन्याच्या बांगड्या गेल्या, पण एकाही बाईला घरी बसवलं नाही. माझे केस या बाजारात पांढरे झाले. एवढी छाती मी बड्याबड्या गादीवाल्या शेठांत पाहिली नाही.

मे महिन्यात शेठच्या मुलीचं लग्न होतं. आमंत्रणं आधीच वाटून झाली होती, तरी रसीलाबेन येतील असं मला वाटलं नव्हतं. त्या आल्या. हातात काचेच्या बांगड्या आणि अंगावर परत केलेल्यांतलीच एक मोरपंखी साडी. शेठाणींनी पदर हातात घेतला आणि बघतच राहिल्या.

"काय काम आहे, बेन! कुठून घेतली?"

"आमच्याच खाटलीवरची, भाभी. एका दुकानातून परत आली होती."

"परत? असा कोण आंधळा व्यापारी म्हणायचा?"

शेठ शेजारीच पाहुण्यांपुढे पानाचं तबक धरून उभे होते. तबक तसंच राहिलं. मी आमरसाची वाटी खाली ठेवली. आता ही बाई बोलणार, आणि तिने बोलावंच, असं मला मनापासून वाटलं.

रसीलाबेननी पदर हलकेच सोडवून घेतला.

"आंधळा नाही हो, भाभी. मार्च महिना होता," त्या म्हणाल्या आणि नवरीला आशीर्वाद द्यायला मांडवाकडे निघाल्या.