कीलनची सहा मिनिटे

फ्रीजरमधली वाटाण्यांची पिशवी नाहीशी झाली होती. दुसरे काही गेले असते तर मी लक्ष दिले नसते, पण कीलन वाटाणे खात नाही. ताटात आलेच तर एकेक दाणा काट्याने कडेला सारून ठेवतो. म्हणून तो सरावाला गेल्यावर मी त्याच्या खोलीत शिरले. पिशवी पलंगाखाली टॉवेलात गुंडाळलेली होती आणि आतले वाटाणे मऊ पडून एकमेकांना चिकटले होते.

मी नोरीन ऍशवर्थ. शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाले, नवरा गेला, घरात एक खोली रिकामी पडली, तेव्हापासून आमच्या शहरातल्या त्या श्रीमंत फुटबॉल क्लबच्या अकादमीतली पोरे माझ्याकडे राहायला येतात. गावोगावची पोरे क्लब अशीच घरोघरी ठेवतो. त्यांना वेळेवर जेवू घालायचे, दहाला दिवे बंद करायला लावायचे, आणि दर गुरुवारी क्लबच्या फिलिपाला फोनवर खबर द्यायची. खातो का, झोपतो का, कुठे दुखतेय-खुपतेय का. दुखणे लपवायचे नाही, असे लिहून दिलेल्या कागदावर माझी सही आहे.

कीलनच्या आधी बावीस वर्षांत एकोणीस पोरे माझ्याकडे राहून गेली. त्यातली तीन क्लबच्या पहिल्या, म्हणजे मुख्य संघापर्यंत पोचली, आणि त्या तिघांचा मैदानावरचा वेळ एकत्र केला तरी एक सामना पुरा होत नाही. बाकीची कोण प्लंबर झाली, कोण जिममध्ये लागली, एक तर माझ्याच रस्त्यावर टपाल टाकतो. त्यामुळे क्लबमधले कोणी गोड बोलायला लागले की माझे कान टवकारतात. नवरा म्हणायचा, नोरीन चर्चमध्ये दान टाकेल आणि पाद्र्याकडे पावती मागेल.

त्या आठवड्यात कीलन तीन दिवस न्हाणीघरात गात होता. तेही बेसूर. मी इतकी वर्षे हा धंदा बघते आहे, मला लगेच कळले. पहिल्या संघात नव्याने येणाऱ्याला सामन्याच्या आदल्या दिवशी जेवणाच्या वेळी खुर्चीवर उभे राहून सगळ्यांसमोर गाणे म्हणावे लागते. कोट्यधीश खेळाडू चमचे आपटत बसतात आणि हा बिचारा घाम पुसत गातो. म्हणजे पोराला बोलावणे आले होते. आणि माझ्यापासून त्याने दोन गोष्टी लपवल्या होत्या, हे बोलावणे आणि ज्यावर तो बर्फासारखे ते वाटाणे धरत होता ते दुखणे.

संध्याकाळी तो आला. जिन्याचा कठडा धरून एकेक पायरी वर गेला, तसाच खाली आला. मी पिशवी त्याच्या ताटाशेजारी ठेवली.

“हे काय?” मी विचारले.

“वाटाणे.”

“कुठला गुडघा?”

त्याने पिशवी कडेला सारली. “उजवा. पण फार नाही हो. मुरगळलाय नुसता. गोळी घेतली की कळत पण नाही.”

मग सगळे बाहेर आले. शनिवारच्या यादीत त्याचे नाव होते. पुढच्या फळीतले दोघे जखमी, एकावर बंदी, म्हणून अकादमीतून याला उचलले. प्रशिक्षकाने स्वतः पाठीवर थाप मारली. वरच्या मजल्यावरचे एक साहेब खाली येऊन हात मिळवून गेले. हे ऐकले आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. थाप ठीक आहे, पण साहेब कशाला खाली येतील?

“तुलाच का उचललं?” मी म्हटले.

“म्हणजे? मी खेळतो चांगला.”

“खेळतोस. पण आठ महिने त्यांना तुझं नाव धड घेता येत नव्हतं. सध्या जानेवारी आहे. महिनाअखेरपर्यंत खेळाडूंची खरेदीविक्री चालू. बाहेरून आणलेला खेळाडू विकला तर त्याला दिलेली किंमत आधी वजा होते. घरी वाढवलेला पोरगा विकला की सगळा नफा. तुला खेळवतायत का दुकानाच्या काचेत मांडतायत, ते बघ.”

त्याचे कान लाल झाले. “नोरीन, सकाळी सूर्य उगवला तरी तुम्ही विचाराल, याला कुणी पाठवलं.” मग आवाज खाली आला. “काचेत तर काचेत. दहा वर्षं झाली खेळतोय. त्या हिरवळीवर एकदा जाऊ दे मला. गुडघ्याचं कळलं तर दुसऱ्याला घेतील, आणि परत मला कुणी बोलवणार नाही. तुम्हाला माहितीय ते.”

मला माहीत होते. माझ्या एकोणिसांपैकी एकालाही दुसऱ्यांदा बोलावले नव्हते.

गुरुवार होता. सातला फिलिपाचा नेहमीचा फोन आला. खातो का? खातो. झोपतो का? झोपतो. काही दुखणंखुपणं? कीलन समोर बसला होता, पण माझ्याकडे बघत नव्हता, टेबलावरच्या मिठाच्या डबीकडे बघत होता.

“काही नाही,” मी म्हटले. “ठणठणीत आहे.”

बावीस वर्षांतले ते पहिले खोटे. पोराची दया आली म्हणून बोलले असे मी नंतर स्वतःला सांगून पाहिले, पण ते अर्धेच खरे. मलाच तो खेळलेला बघायचा होता. एवढी जेवणे वाढली, एवढे चिखलाचे मोजे धुतले, त्यातले एकतरी पोर त्या हिरवळीवर खेळताना स्वतःच्या डोळ्यांनी बघावे अशी मला हाव सुटली होती.

शनिवारी घरच्यांसाठी ठेवलेल्या खुर्च्यांत मी बसले. कीलनची आई रात्रपाळी करून आली होती. पूर्वार्धातच ती पेंगली आणि मी तिला कोपराने हलवत राहिले. आमचा क्लब तीन गोलांनी पुढे होता. चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला कीलन राखीव खेळाडूंच्या बाकावरून उठला. अंगातला कोट काढला आणि रेषेपाशी उभा राहिला. त्याचे नाव पुकारले तेव्हा साठ हजार माणसांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्याची आई उभी राहून तोंडावर हात धरून रडली. मीही रडले, उगाच कशाला लपवू.

पण रडतानाही माझी नजर फिरत होती. आमच्या पुढच्या ओळीत करड्या कोटातला एक गृहस्थ सामनाभर फोनवर काहीबाही वाचत बसला होता. तीनही गोल झाले तेव्हा याने मान वर केली नव्हती. कीलन आत जाताच त्याने फोन खिशात टाकला, वही काढली, आणि शेवटपर्यंत एकट्या कीलनकडे बघितले. सामना संपायच्या आत वही मिटून निघूनही गेला.

सहा मिनिटे. चेंडूला पाय चार वेळा लागला. चारही वेळा आपल्याच माणसाकडे गेला. आणि गुडघ्याने दगा दिला नाही.

सोमवारी सकाळी कीलनला कळले की त्याला बेल्जियममधल्या एका क्लबला विकायचे ठरले आहे. माझा संशय खरा ठरला होता, आणि त्याचा मला काडीचाही आनंद झाला नाही. तो मात्र सावरला. तिकडे दर आठवड्याला खेळायला मिळेल म्हणाला, जाईन म्हणाला. मंगळवारी त्याला विमानाने तिकडे वैद्यकीय तपासणीला नेले. कोणताही क्लब तपासल्याशिवाय खेळाडू घेत नाही, हे मी जाणून होते. तरी गुरुवारी फोनवर बोलताना ते माझ्या डोक्यात आले नाही. जगभरच्या लोकांवर संशय घेणारी मी, नेमकी तिथे आंधळी झाले. यंत्राने गुडघ्यातली फाटलेली कूर्चा दाखवली. बुधवारी पोरगा परत माझ्या स्वयंपाकघरात बसला होता.

संध्याकाळी फिलिपा आली, फोन न करता. बरोबर फाइल होती. तिने चहा नको म्हटले, तेव्हाच मी ओळखले. वरचे साहेब भडकले होते. दुखापत तिकडच्या डॉक्टरांच्या मते दोन आठवड्यांची तरी जुनी. खेळाडूने ती लपवली असेल तर करार मोडायचा हक्क क्लबला होता. लपवली नसेल तर शस्त्रक्रियेपासून बरे होईपर्यंत सगळी जबाबदारी क्लबची. तिने फाइल उघडून गुरुवारची नोंद वाचून दाखवली. मग कीलनकडे वळली.

“तू कुणाला सांगितलं होतंस का?”

त्याने तोंड उघडले. मी म्हटले, “कीलन, ओव्हन बघ जरा. करपतंय काहीतरी.”

ओव्हन बंदच होता. तो उठून त्याच्यापुढे उभा राहिला.

“मला सांगितलं होतं त्याने,” मी फिलिपाला म्हणाले. “गुरुवारीच. क्लबला कळवा म्हणाला. मी नाही कळवलं.”

“का?”

“मला त्याला खेळताना बघायचं होतं.”

फिलिपाने पेनाचे टोपण काढले आणि परत लावले. ती मूर्ख नाही. “नोरीन, हे मी लिहून घेतलं की तुमचं नाव यादीतून जाईल. तुमच्याकडे परत पोरं येणार नाहीत. नीट आठवून सांगा.”

“आठवलंय. लिही.”

तिने लिहिले. ओव्हनसमोर उभ्या कीलनचे खांदे हलत होते, पण तो वळला नाही.

त्याचा करार राहिला. शस्त्रक्रियेची तारीख मिळाली. पुढच्या सोमवारी त्याचे सामान नव्या घरी न्यायला क्लबची गाडी आली. उंच पोरांसाठी क्लबने दिलेला साडेसात फुटी पलंगही दोन माणसांनी जिन्यावरून तिरका करत उतरवला. सामान लावून होईपर्यंत कीलन कुबड्या घेऊन दारात उभा होता.

“मी खरं सांगून टाकतो त्यांना,” तो हळूच म्हणाला.

“काय सांगणार? खोटं बोलायला तुला अजून नीट येत नाही. जा, गाडीत बस.”

त्याने एक कुबडी भिंतीला टेकवली आणि मला मिठी मारली. मी त्याच्या छातीपर्यंत येते. मग तो गेला.

फिलिपा मागे थांबली होती. नव्या घरच्या बाईंसाठी एक कागद असतो, पोराच्या सवयी लिहायचा. तिने तो माझ्यापुढे धरला. मी लिहिले की वाटाणे खात नाही, सकाळी दोनदा हाक मारावी लागते, आणि ठीक आहे म्हणाला तर विश्वास ठेवू नये. खाली सांभाळणाऱ्याच्या सहीची जागा होती. मी पेन टेकवले, मग माझे नाव यादीतून गेल्याची आठवण झाली आणि कागद तसाच परत केला.

फिलिपाने तो वाचला. “सही राहिली,” ती म्हणाली, आणि कागद पुन्हा माझ्यापुढे ठेवून खिडकीबाहेर बघत उभी राहिली.