सुमतीच्या स्मरणार्थ शब्दार्थ

माणूस गेलं की वर्षश्राद्धाला त्याच्या नावाने काहीतरी छापून वाटतात. हरिपाठ, स्तोत्रं, असलंच. सुमतीच्या भावाला, गुरुदत्तला, ते कमीपणाचं वाटलं. तो बँकेत साहेब होता. त्याने वैद्यकीय शब्दांच्या अर्थांची पुस्तिका काढायचं ठरवलं.

रविवारी डोंबिवलीला माझ्या घरी येऊन त्याने कागद पुढे ठेवले. "भावोजी, नजर टाका. ठाकुर्लीचा प्रेसवाला थांबलाय. तुम्ही हो म्हटल्याशिवाय ताईचं नाव घालणार नाही."

मी वाचलं. मेटास्टॅसिस म्हणजे रोगाचे दूरस्थ अवयवांत स्थानांतरण. बँकेतल्या माणसाची बदली व्हावी तसं. पॅलिएटिव्ह म्हणजे रुग्णास आराम देणारी उपचारपद्धती. तो आराम मी पाहिलाय. सुमती उशी दातात धरायची.

"ह्यात 'बघू' नाही," मी म्हणालो.

"बघू?"

"घरी कधी सोडणार? बघू. गाठ कमी झाली का? बघू. डॉक्टरांकडून सगळ्यात जास्त तोच शब्द ऐकला आम्ही."

"अहो, तो वैद्यकीय शब्द नाही."

"तुला कसं ठाऊक? आलास दोनदा. शहाळं ठेवलंस आणि गाडी नो पार्किंगमध्ये आहे म्हणून पळालास."

तो चष्मा पुसायला लागला. मी प्रस्तावना वाचली. 'सुमतीताईंना या संज्ञांचा अर्थ वेळीच समजला असता, तर त्यांच्या मनातील भीती दूर झाली असती.'

सुमतीला पहिल्याच दिवशी डॉक्टरांचा चेहरा बघून सगळं समजलं होतं. परत येताना रिक्षात मला म्हणाली, "आता माझ्यासमोर रडायचं नाही हं." आणि हा भाऊ येणार म्हटलं की म्हणायची, "मला झोप लागलीय म्हणून सांगा." भीती नव्हती तिला. कंटाळा होता.

"तिचं नाव घालायचं नाही," मी म्हणालो.

"मग कोणाच्या स्मरणार्थ छापू?"

"तुझ्या."

"भावोजी, मी जिवंत आहे!"

"मग थांब थोडा."

"बाबा!" माझी मुलगी वल्लरी आतून ओरडली. पण हसत होती.

गुरुदत्त लाल झाला. "कव्हरं छापून झालीत. ताईच्या फोटोसकट."

म्हणजे माझा होकार यायच्या आधीच. साहेबच तो.

"घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी गठ्ठा आला. वर पुस्तिकेचं नाव, खाली सुमती. फोटो चांगला होता, तेवढी अक्कल त्याने दाखवली होती. मी आणि वल्लरीने बसून वरचा भाग कात्रीने कापून टाकला.

श्राद्धाला आलेल्या प्रत्येकाला नुसता फोटो दिला. मागे काय लिहिलंय म्हणून लोकांनी उलटून पाहिलं. मागची बाजू कोरी होती. गुरुदत्तनेही उलटून पाहिलं.

"काहीतरी छापायला हवं होतं, भावोजी. लोकांना उपयोग झाला असता."

"पानं वाढलीत," मी म्हणालो. "जेवून घे."